निम्मी क्षमता स्वच्छ, तरी पाऊण वीज कोळशाची: भारताच्या ऊर्जेचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मा वाटा आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांचा झाला, असे सरकार सांगते, मग प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास पाऊण वीज अजूनही कोळशाची कशी? भारतात स्वच्छ विजेला खरोखर किती वाव आहे? आणि घराच्या छतावर सौर पॅनेल बसवल्याने या हिशेबात काही फरक पडतो का? वीज यंत्रणेच्या संचालनात, म्हणजे भार प्रेषणाच्या कामात, माझा बराच काळ गेला आहे, त्यामुळे मी उत्तर त्याच बाजूने देणार आहे. भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यात मागणी आणि निर्मिती जुळवावी लागते. वर्षाची बेरीज कितीही चांगली दिसली, तरी संध्याकाळी साडेसातच्या तुकड्यात वीज कमी पडली, तर त्या बेरजेचा उपयोग नसतो. भारतातील स्वच्छ विजेची खरी अडचण वर्षाच्या बेरजेत नाही, या तुकड्यांत आहे, असे माझे मत आहे.

आधी आकड्यांचा उलगडा करू. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) होती आणि तिच्यातील सुमारे २४३ गिगावॉट, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक, जल, सौर, पवन, जैविक आणि अणुऊर्जेची होती. हवामानबदलाविषयीच्या पॅरिस कराराअंतर्गत निम्म्या वाट्याचे हे उद्दिष्ट २०३० साठी ठरवले होते. ते पाच वर्षे आधी गाठले गेले आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु क्षमता म्हणजे संच एका वेळी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतो याचे माप, वर्षभरात तो प्रत्यक्ष किती युनिट देतो याचे नव्हे. एक गिगावॉटचा कोळसा प्रकल्प वर्षभर सरासरी ६९ टक्के भाराने चालला, तर सुमारे ६ अब्ज युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेच्या सौर प्रकल्पाला रात्र असते, ढग असतात, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन असते. तो वर्षाला पावणेदोन अब्ज युनिटांच्या आसपास देतो. पवनचक्क्या चांगल्या जागी असतील तर अडीच अब्जांपर्यंत जातात. म्हणजे कोळशाचा एक गिगावॉट युनिटांच्या भाषेत बदलायचा असेल, तर सौरचे साडेतीन गिगावॉट उभे करावे लागतात. निम्मी क्षमता आणि पाऊण वीज या दोन विधानांत विसंगती नाही. दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

यात मागणीच्या वाढीची भर पडते. देशात वर्षाला सुमारे १,८०० अब्ज युनिट वीज तयार होते. मागणी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली असे धरले, तर दरवर्षी ९० अब्ज युनिट नव्याने लागतात. २०२४-२५ या वर्षात आपण सुमारे २४ गिगावॉट सौर आणि ४ गिगावॉट पवन क्षमता उभारली, आणि तोपर्यंतचा तो विक्रम होता. वरच्याच हिशेबाने त्यातून मिळणारी वीज ५० ते ५५ अब्ज युनिट होते. वाढीव मागणीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग तिने भागवला, उरलेला कोळशाने. म्हणूनच सौर क्षमता २०१४ मधील तीन गिगावॉटहून कमी पातळीवरून जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली, तरी त्याच काळात कोळशाचे उत्पादनही वाढत राहिले आणि २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले. ही वाढ थोपवणे शक्य नाही, आणि माझ्या मते ते योग्यही नाही. आपला दरडोई वीजवापर २०२३-२४ मध्ये १,४०० युनिटांच्या जवळ होता, तर जगाची सरासरी साडेतीन हजारांच्या पुढे आहे. ज्या घरात अजून पंखा आणि दोन दिवे एवढाच भार आहे, त्या घराला वीज वाचवण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

आता वाव किती, हा प्रश्न. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने पूर्वी केलेल्या अंदाजात देशाची संभाव्य सौर क्षमता ७४८ गिगावॉट सांगितली होती आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६४ गिगावॉट होता. हा आकडा पडीक जमिनीपैकी सुमारे ३ टक्के जमीन वापरता येईल या गृहीतकावर उभा होता. त्याच संस्थेने २०२५ मध्ये गृहीतके बदलून नवा अंदाज मांडला, तेव्हा आकडा ३,३०० गिगावॉटच्या पुढे गेला. सूर्य तोच होता, जमीनही तीच होती. वाऱ्याचेही तसेच. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या मोजणीनुसार १०० मीटर उंचीवर देशाची संभाव्य पवन क्षमता ३०२ गिगावॉट, १२० मीटरवर ६९५ आणि १५० मीटरवर १,१६४ गिगावॉट आहे. उंच मनोरा आणि लांब पाती परवडू लागली की मंद वाऱ्याचा प्रदेशही उपयोगी ठरतो. महाराष्ट्राचा आकडा १२० मीटरवर ९८ गिगावॉट आहे. तेव्हा क्षमतेच्या अंदाजांकडे खाणीतील साठ्यासारखे पाहू नये. तंत्रज्ञान, किंमत आणि जमिनीविषयीची गृहीतके बदलली की ते बदलतात. तरीही जुना, सावध आकडा धरून गुणाकार केला, तर ७४८ गिगावॉट सौर आणि ६९५ गिगावॉट पवन मिळून वर्षाला ३,००० अब्ज युनिटांपलीकडे जातात. आजच्या एकूण निर्मितीपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. यात जलविद्युत धरलेलीच नाही. तिचा वाव सुमारे १३३ गिगावॉट मानला जातो आणि त्याचा मोठा भाग अरुणाचल प्रदेशात, भूकंपप्रवण हिमालयात आहे. अणुऊर्जा सध्या पावणेनऊ गिगावॉटच्या आसपास आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. पण जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा आराखडा इतकी वर्षे कागदावरच आहे हे पाहता, येत्या दहा वर्षांच्या नियोजनात मी अणुऊर्जेवर फार भिस्त ठेवणार नाही.

जमिनीचे काय, असे लगेच विचारले जाते. एका मेगावॉटला चार ते पाच एकर धरले, तर ७४८ गिगावॉटला १२ ते १५ हजार चौरस किलोमीटर लागतात, म्हणजे पुणे जिल्ह्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी जागा. देशाच्या मानाने ही फार नाही. अडचण वेगळी आहे. कागदावर जी जमीन पडीक दिसते, ती प्रत्यक्षात गावाचे गायरान असते, मेंढपाळांची चराई असते किंवा माळढोकासारख्या पक्ष्याचे घर असते. राजस्थान आणि कच्छमधील माळढोकाच्या अधिवासात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल केला; दरम्यानच्या काळात तिथल्या कित्येक प्रकल्पांवर अनिश्चिततेचे सावट राहिले. पवनचक्क्यांबाबत आणखी एक गोष्ट आहे. साताऱ्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी यांसारखी उत्तम वाऱ्याची पठारे १९९० च्या दशकाअखेरपासून लहान, कमी उंचीच्या यंत्रांनी व्यापलेली आहेत. ती उतरवून मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण २०२३ मध्ये आले, पण जुने मालक अनेक, करार वेगवेगळे आणि बाजूला व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, त्यामुळे काम दिसते तितके सोपे नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे तासांचा. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी सुमारे २५० गिगावॉटपर्यंत गेली आणि ती दिवसाउजेडी भागवता आली, कारण उन्हाळी दुपारी सौर वीज मुबलक असते. खरी कसोटी सूर्य मावळल्यावर लागते. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत देशभरातील सौर निर्मिती शून्यावर येते, त्याच वेळी घरांतील दिवे, स्वयंपाकघरे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, आणि उन्हाळ्यात ही मागणी मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही. ही दरी कोळसा आणि पाणी भरून काढतात. कोळशाचा संच मात्र दिव्यासारखा चालू-बंद करता येत नाही. बॉयलर थंड झाला तर पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात, आणि सध्याच्या नियमांनुसार संच ५५ टक्क्यांपर्यंत उतरू शकला पाहिजे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायची आहे. परिणामी, एखाद्या सुखद हवेच्या रविवारी दुपारी मागणी कमी आणि ऊन भरपूर असले, तरी संध्याकाळसाठी लागणारे कोळशाचे संच अर्ध्या भारावर चालू ठेवावे लागतात आणि सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करण्याचे आदेश द्यावे लागतात. राजस्थानात अलीकडे असे आदेश वारंवार दिले गेले. तिथे वाहिन्यांची अपुरी क्षमता हे त्याहून मोठे कारण होते.

ऋतूंचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात सौर वीज घटते, पण जून ते सप्टेंबर याच महिन्यांत वारा जोरात असतो आणि धरणे भरत असतात. निसर्गाने घालून दिलेली ही जोडी आपण पुरेशी वापरलेली नाही, कारण गेल्या दशकात स्वस्त म्हणून सौरच्या मागे सगळे धावले आणि पवन मागे पडले. धोक्याचा महिना ऑक्टोबर. वारा पडलेला, उकाडा परतलेला आणि पावसामुळे खाणींतून कोळसा कमी आलेला, अशी स्थिती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एकत्र आली आणि देशातील औष्णिक केंद्रांकडे सरासरी चार दिवसांचा साठा उरला. स्वच्छ विजेचा आराखडा मेच्या दुपारसाठी न करता ऑक्टोबरच्या रात्रीसाठी करावा, असे मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

वीज एका तासातून दुसऱ्या तासात नेणारे सर्वांत जुने साधन, म्हणजे जलविद्युत, आपल्याकडे आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देत आले. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. परंतु कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली असल्याने, सर्व संच अखंड चालवले तर ते पाणी साधारण दोन महिन्यांत संपेल. म्हणून कोयना नेहमीच मागणीच्या शिखरासाठी राखून वापरली गेली. युनिटांच्या तक्त्यात ती लहान दिसते, पण संध्याकाळी तिची किंमत कळते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ गिगावॉटने घसरली आणि तितक्याच वेगाने परत आली. तो झटका प्रामुख्याने जलविद्युत संचांनी पेलला. कोळशाच्या भरवशावर ते जमले नसते.

याच तत्त्वावर उदंचन जलविद्युत प्रकल्प चालतात. दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिट घातले तर तीनच्या आसपास परत मिळतात. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प सह्याद्रीच्या कड्याचा असाच उपयोग करतो. कड्याच्या माथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा आणि मधे चारशे-पाचशे मीटरची उतरण, अशी जागा पश्चिम घाटात अनेक ठिकाणी आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्रात अशा प्रकल्पांचे इतके सामंजस्य करार होत आहेत. करारांच्या आकड्यांवर मात्र भुलू नये. बोगदे, वनजमिनीची परवानगी आणि भूगर्भाची अनिश्चितता यांमुळे असा प्रकल्प पाच-सहा वर्षांच्या आत क्वचितच उभा राहतो, आणि पश्चिम घाटात प्रत्येक जागा खोदण्यायोग्य मानता कामा नये.

बॅटरीच्या बाबतीत चित्र फार झपाट्याने बदलले. २०२२ मध्ये झालेल्या लिलावात एक मेगावॉटच्या, दोन तास वीज देणाऱ्या साठवणीला महिन्याला पावणेअकरा लाख रुपये मोजावे लागत होते. २०२५ मध्ये, सरकारी अनुदानाच्या आधाराने का होईना, हा दर सव्वादोन लाखांच्या आसपास आला. सौर विजेच्या दराचे असेच झाले होते: २०१० च्या लिलावात युनिटला दहा रुपयांच्या वर, २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे. २०२४ च्या अखेरीस सौर आणि साठवण एकत्र असलेल्या प्रकल्पांचे दर साडेतीन रुपयांच्या घरात आले. खाणीपासून दूर असलेल्या नव्या कोळसा प्रकल्पाला हा दर परवडणे कठीण आहे. संध्याकाळचे दोन ते चार तास बॅटरी आता सांभाळू शकते. ऑक्टोबरचे सलग दहा बिनवाऱ्याचे दिवस ती सांभाळू शकत नाही.

वाहिन्यांविषयी थोडक्यात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि एका वारंवारितेवर चालणारे एकच राष्ट्रीय जाळे तयार झाले. राजस्थानचे ऊन मुंबईत वापरता येते ते यामुळे. परंतु सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि उच्चदाब वाहिनीला त्याहून बराच जास्त काळ लागतो, कारण तिला शेकडो गावांच्या हद्दी ओलांडायच्या असतात. गोव्यात तमनार प्रकल्पाच्या वाहिनीवरून मोलेच्या जंगलासाठी झालेले आंदोलन आठवले, तर हा प्रश्न केवळ कागदपत्रांचा नाही हे लक्षात येईल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक उपाय मला शेतीच्या वाहिन्यांत दिसतो. राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत आणि वर्षानुवर्षे त्यांना अर्धा वेळ रात्रीची वीज दिली गेली, कारण कोळशाच्या संचांना रात्री गिऱ्हाईक हवे होते. साप आणि बिबट्याच्या भीतीत शेतकऱ्याने रात्री दारे धरावीत, ही व्यवस्था वीज यंत्रणेच्या सोयीसाठी होती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्रालगत काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून ती वाहिनी दिवसा चालवली जाते. पाण्याचा पंप दुपारी चालला काय आणि पहाटे चालला काय, पिकाला फरक पडत नाही. म्हणून हा भार उन्हाच्या वेळेत आणणे म्हणजे एकही बॅटरी न घेता मोठी साठवण केल्यासारखे आहे. दूरच्या वाहिन्यांची गरज आणि गळतीही कमी होते. गायरान जमिनी देताना ग्रामसभेला खरोखर विचारले गेले, तर ही योजना देशाला दाखवण्यासारखी आहे. मोफत विजेमुळे भूजलाचा उपसा वाढण्याचा धोका तिच्यातही उरतोच.

एक अडचण पैशाची आहे. २०२५ मध्ये ४० गिगावॉटहून अधिक क्षमतेचे प्रकल्प लिलाव होऊनही वीज विक्रीच्या कराराविना अडकले होते. वितरण कंपन्यांना दुपारची आणखी सौर वीज नको आहे, संध्याकाळची हवी आहे, आणि दर आणखी उतरतील म्हणून त्या थांबूनही राहतात. त्यांचा हा व्यवहार मला चुकीचा वाटत नाही. चूक निव्वळ सौरचे लिलाव काढत राहणाऱ्यांची होती.

कोळशाचे पुढे काय? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात २०२९-३० साठी एकूण ७७७ गिगावॉट क्षमता धरली आहे: त्यात सौर सुमारे २९३, पवन १००, आणि कोळसा व लिग्नाइट मिळून २५२ गिगावॉट. साठवणीसाठी ४१ गिगावॉटहून अधिक बॅटऱ्या आणि १९ गिगावॉट उदंचन प्रकल्प त्यात आहेत. म्हणजे अधिकृत आराखड्यातही कोळशाची क्षमता या दशकात घटत नाही. घटतो तो वाटा. पुढच्या दशकात कोळशाचे संच वर्षाचे कमी तास, मुख्यतः रात्री आणि पावसाळ्यानंतर, चालवले जातील असा माझा अंदाज आहे. कमी चालणाऱ्या संचाचे युनिट महाग पडते, तेव्हा त्याला केवळ सज्ज राहण्याचे पैसे द्यावे लागतील, आणि चंद्रपूर, कोराडीसारख्या जुन्या केंद्रांचा विचार करताना हा खर्च कोणी सोसायचा हे आताच ठरवायला हवे.

हे सगळे झाले विजेपुरते. देशाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा जेमतेम एक पंचमांश आहे. उरलेल्यात पेट्रोल-डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, चुलीतले सरपण, पोलाद आणि सिमेंटच्या भट्ट्यांतला कोळसा येतो. कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण करून एक मोठा तुकडा विजेकडे आणला आहे. दुचाकी आणि तीनचाकी त्या मार्गावर आहेत. पोलाद अजून दूर आहे. उसापासूनच्या इथेनॉलला स्वच्छ म्हणताना मराठवाड्यातले पाणी हिशेबात धरावे, एवढेच इथे म्हणतो.

राहिला छतावरच्या पॅनेलचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि ज्याचे बिल मोठे आहे त्याने ते जरूर घ्यावे. त्याने जमीन लागत नाही, दूरच्या वाहिनीवरचा भार हलका होतो. परंतु नेट मीटरिंगमध्ये तुम्ही दुपारी दिलेले युनिट रात्री परत घेता, तेव्हा ते रात्रीचे युनिट बहुधा कोळशाचे असते. बिल शून्य झाले म्हणजे घर कोळशातून सुटले असे होत नाही. फरक पाडायचा असेल तर सोसायटीचा पाण्याचा पंप, गीझर, कपडे धुण्याचे यंत्र आणि विजेवरच्या गाडीचे चार्जिंग सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत आणा. वेळेनुसार वीजदर आता घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचू लागले आहेत आणि याच तासांना सवलत दिली जाते. सोसायटीच्या टाक्या दुपारी भरण्याचे वेळापत्रक लावायला टायमरखेरीज काही लागत नाही, आणि पॅनेल बसवण्याआधी सुरुवात तिथून करावी असा माझा सल्ला आहे.